एका बोटापासून एका अणूपर्यंत

जॉर्ज सॅम्युएल हर्स्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीतली सात वर्षं पाहिली तरी थक्क व्हायला होतं. 1970 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह एका पेटंटसाठी अर्ज केला. पृष्ठभागावर टोक टेकवलं, की ते नेमकं कुठं टेकलं हे विद्युत संकेतातून सांगणारं ते साधन होतं. पुढे ते पारदर्शक झालं, पडद्यावर बसलं आणि दाबाने चालणाऱ्या टचस्क्रीनचा पूर्वज ठरलं. 1977 मध्ये याच हर्स्ट यांनी दोन सहकाऱ्यांसह एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. एकावर एकोणीस शून्यं इतक्या परक्या कणांच्या गर्दीतून त्यांनी सीझियम या धातूचा एकच अणू ओळखून मोजून दाखवला होता.

पहिला शोध माणूस आणि संगणक यांच्यातल्या संवादाचा, दुसरा वर्णपटशास्त्राचा. आज विद्यापीठात या दोन विषयांच्या इमारतीसुद्धा वेगळ्या असतात. मग एकाच माणसाच्या हातून, तेही एवढ्या थोड्या काळात, हे दोन्ही कसं घडलं? हर्स्ट यांचं काम जरा जवळून पाहिलं, तर दोन्हींमागे एकच सवय दिसते. जे मोजायचं आहे त्याला अशा जागी आणून उभं करायचं, की त्याचं उत्तर विजेच्या रूपातच मिळालं पाहिजे.

मोजणाऱ्याची घडण

हर्स्ट यांचा जन्म 1927 चा, केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातला. ते शिकले बेरिया कॉलेजात. तिथं शिकवण्याची फी घेत नाहीत, पण प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजचं काही ना काही काम करावं लागतं. नंतर केंटकी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन 1948 मध्ये ते टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत रुजू झाले.

ओक रिज हे गावच मुळी दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी लागणारं युरेनियम वेगळं काढायला वसवलेलं. युद्ध संपलं, पण अणुभट्ट्या राहिल्या आणि त्यांच्याजवळ काम करणारी माणसंही राहिली. त्यांच्या शरीरात किती प्रारण शिरतं, हे मोजायचं शास्त्र नव्यानं उभं करावं लागलं. तरुण हर्स्ट त्या कामाला लागले.

त्यात न्यूट्रॉन मोजणं सर्वांत अवघड. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो उपकरणातून जाऊनही आपला मागमूस ठेवत नाही. हर्स्ट यांनी त्यासाठी पॉलिथिलीनचं अस्तर लावलेला, वायू भरलेला काउंटर तयार केला. पॉलिथिलीनमध्ये हायड्रोजन भरपूर असतो. वेगवान न्यूट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रावर आदळला, की ते केंद्र, म्हणजे एक प्रोटॉन, उडतं. प्रोटॉनवर भार असतो. तो वायूतून धावताना वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतो, ते इलेक्ट्रॉन मधल्या तारेकडे ओढले जातात आणि तारेत विजेचा एक छोटा स्पंद उमटतो. न्यूट्रॉन अदृश्यच राहतो, पण त्याची नोंद होते.

1959 मध्ये हर्स्ट आणि त्यांचे सहकारी रूफस रिची यांनी हिरोशिमा-नागासाकीच्या अभ्यासासाठी उपयोगी पडणारा एक शोधनिबंध लिहिला. बाँबमधून निघालेलं प्रारण किती अंतरापर्यंत, किती प्रमाणात पोचलं असेल, असा तो प्रश्न होता. तिथं वाचलेल्या माणसांच्या आजारांचा अर्थ लावायचा तर आधी हा हिशेब हवा. मोजमाप बिनचूक असण्याचं मोल हर्स्ट यांना अशा कामातून कळलं होतं.

आलेखपट्ट्यांचा ढीग

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात हर्स्ट केंटकी विद्यापीठात प्राध्यापक होते. इलेक्ट्रॉन वायूतून कसे सरकतात याचे प्रयोग तिथं चालत. उपकरणाला जोडलेली लेखणी सरकत्या कागदावर रेघ काढत जायची आणि प्रयोग संपला की लांबच लांब आलेखपट्ट्या हाती यायच्या. त्या रेघेवरचा एकेक बिंदू पट्टी लावून वाचायचा, त्याचे आडवे-उभे आकडे लिहायचे आणि मग ते संगणकाला द्यायचे. असा एक मोठा ढीग वाचायला दोन विद्यार्थ्यांचे साधारण दोन महिने जातील, असा हर्स्ट यांचा अंदाज होता.

त्या काळचा संगणक माणसाशी भोकं पाडलेल्या कार्डांतून बोलायचा. रेघ माणसाला दिसत होती, संगणकाला ती दिसत नव्हती. दोघांच्या मध्ये कुणीतरी बसून नजरेचं भाषांतर आकड्यांत करणं भागच होतं. हर्स्ट यांनी नेमकं हे मधलं काम विजेकडे सोपवायचं ठरवलं.

त्यांची युक्ती इतकी सोपी आहे की शाळेतल्या मुलालाही ती पटेल. वीज वाहून नेणारा, पण सगळीकडे सारखा विरोध करणारा एक कागद घ्या. त्याच्या डाव्या कडेला 0 व्होल्ट आणि उजव्या कडेला 5 व्होल्ट जोडा. मधे कुठंही धातूचं टोक टेकवलं, तर तिथला विद्युतदाब 0 आणि 5 च्या मध्ये कुठंतरी असणार. घाटरस्ता एकसारख्या चढाचा असेल, तर नुसती उंची कळली तरी आपण किती वाट चढून आलो हे सांगता येतं, तसंच हे आहे. टोकावर 2 व्होल्ट मिळाले, म्हणजे टोक डावीकडून पाचातले दोन भाग आत आहे. लगेच तीच वीज वरच्या आणि खालच्या कडांना जोडायची, की उभी जागाही कळते. आडवा चढ, उभा चढ, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. हे आळीपाळीनं इतक्या वेगात करायचं, की टोक हलत राहिलं तरी दोन्ही आकडे अखंड मिळत राहतात. रेघेवरचा बिंदू कुठं आहे हा भूमितीचा प्रश्न होता, त्याचा व्होल्टमीटरवर वाचायचा प्रश्न झाला.

यातली खरी कारागिरी कडांवर आहे. चारी कडांना सरळ धातूच्या पट्ट्या चिकटवल्या, तर डाव्या-उजव्या पट्ट्या उभ्या चढाची वीज वाटेतच पळवतात आणि वरखालच्या पट्ट्या आडव्या चढाची. एकाच पृष्ठभागावर दोन्ही दिशांचे चढ सरळ, एकसारखे मिळावेत यासाठी कडांची विशेष मांडणी करावी लागते. हर्स्ट आणि जेम्स पार्क्स यांच्या पेटंटचा गाभा तोच. ते 1972 मध्ये मंजूर झालं आणि त्याची मालकी विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाकडे गेली.

हर्स्ट ओक रिजला परतले आणि काही मित्रांना घेऊन 1971 मध्ये त्यांनी एलोग्राफिक्स ही कंपनी काढली. तिची सुरुवात घराच्या तळघरात झाली. पहिलं साधन अपारदर्शक होतं, आलेख वाचण्यासाठीच बनवलेलं. 1974 पर्यंत त्याचं पारदर्शक रूप आलं आणि तिथून सगळंच पालटलं. आता पृष्ठभागावर कागद ठेवण्याऐवजी त्याच्याखाली खुद्द संगणकाचा पडदा ठेवता येऊ लागला. ज्या आकड्यावर किंवा चित्रावर बोट ठेवायचं, तेच खाली उजळलेलं. माणूस जिथं बघतो तिथंच बोट ठेवतो आणि संगणकाला ते कळतं. मधे शिकण्यासारखं काही उरलं नाही, म्हणूनच कीबोर्ड कधी न पाहिलेला माणूसही पहिल्या भेटीत पडद्याशी बोलू लागतो.

1977 मध्ये कंपनीनं पाच तारांची रचना विकसित केली, ती समजून घेण्याजोगी आहे. पडद्यावर काच असते, तिच्यावर विजेचा पारदर्शक थर, वर डोळ्यांना न दिसणारे बारीक ठिपके आणि त्यांवर तरंगता लवचीक पडदा. बोटाचा दाब पडला, की ठिपक्यांच्या मधल्या जागेत वरचा पडदा काचेला टेकतो. दोन थरांच्या रचनेत आडवा चढ एका थरावर आणि उभा दुसऱ्यावर असे. वरचा थर वाकून वाकून झिजला, की वाचनं चुकू लागत. पाच तारांच्या रचनेत दोन्ही चढ काचेवरच्या थरात असतात, चार कोपऱ्यांतून दिलेले. वरच्या पडद्याकडे पाचवी तार आणि एकच काम, टेकल्या जागचा दाब वर आणून देणं. तो थोडा झिजला तरी चालतं. दिवसभर शेकडो अनोळखी हात ज्यावर पडतात, अशा सार्वजनिक यंत्रांसाठी टचस्क्रीन टिकाऊ झाली ती अशा शहाणपणातून.

टचस्क्रीनचा एकच जनक मात्र सांगता येत नाही. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी विमान-नियंत्रणासाठी 1965 मध्येच स्पर्शानं चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली होती. तिचं तत्त्व वेगळं, बोटाच्या विद्युतधारितेचं, आणि आजच्या मोबाइलचा पडदा त्याच घराण्यातला. हर्स्ट यांच्या घराण्याला त्वचेची गरज नसते, दाब पुरतो. पाम पायलट, निन्तेन्दो डीएस, सही घेणारी यंत्रं, हातमोजे घालून चालवायची कारखान्यातली नियंत्रणं ही सगळी त्याची वंशावळ.

44 हजार लिटर पाणी

आता दुसऱ्या शोधाकडे जाऊ. त्यासाठी आधी 1860 मधल्या जर्मनीत जावं लागेल. रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्खहोफ यांनी ड्यूर्कहाइमच्या खनिज झऱ्याच्या पाण्यातले क्षार ज्योतीत धरले आणि तो उजेड लोलकातून पाहिला. वर्णपटात दोन निळ्या रेषा दिसल्या. तोवर माहीत असलेल्या कुठल्याही मूलद्रव्याच्या त्या नव्हत्या. ते मूलद्रव्य म्हणजे सीझियम, वर्णपटाच्या साहाय्यानं सापडलेलं पहिलं मूलद्रव्य. त्याचा क्षार हातात धरण्याइतका मिळवायला बुन्सेन यांना सुमारे 44 हजार लिटर पाणी आटवावं लागलं आणि जेमतेम 7 ग्रॅम सीझियम क्लोराइड मिळालं.

त्या निळ्या रेषांमागे अणूचा एक कडक नियम आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पातळ्यांवरच राहता येतं. एका पातळीवरून दुसरीवर जायचं तर नेमकी तेवढ्याच ऊर्जेची देवाणघेवाण लागते, आणि प्रकाशाच्या भाषेत ऊर्जा म्हणजे रंग. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून रंगही वेगळे. बुन्सेन यांनी अणूनं बाहेर टाकलेला निळा प्रकाश पाहिला. तसाच निळा प्रकाश बाहेरून दिला, तर सीझियम तो शोषून वरच्या पातळीवर जातो. शेजारी असलेल्या आर्गॉनसारख्या दुसऱ्या वायूला त्या रंगाशी काही देणंघेणं नसतं.

सगळेच अणू, एकही न सोडता

1970 च्या दशकात हर्स्ट ओक रिजला हेलियम वायूवर काम करत होते. वेगवान प्रोटॉन हेलियममधून गेले, की काही अणू उत्तेजित होतात आणि तसेच थोडा वेळ थांबून राहतात. असे थांबलेले अणू किती, हे त्यांना मोजायचं होतं. अणूंनी टाकलेला किंवा गिळलेला प्रकाश पाहून अंदाज बांधता आला असता, पण हर्स्ट इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या परंपरेतले. त्यांनी सहकाऱ्यांसह लेसरचा स्पंद असा निवडला, की त्याचा रंग त्या थांबलेल्या अणूंच्या पुढच्या उडीशी तंतोतंत जुळावा. पहिला प्रकाशकण अणूला वरच्या पातळीवर नेतो आणि दुसरा तिथून इलेक्ट्रॉनला थेट अणूबाहेर काढतो. उरतो तो आयन आणि एक सुटा इलेक्ट्रॉन.

1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातली मोठी झेप एका शब्दात सांगता येते, संपृक्तता. लेसरचा स्पंद इतका तीव्र ठेवला, की त्याच्या वाटेतला त्या जातीचा प्रत्येक अणू आयन झालाच पाहिजे. प्रकाश आणखी वाढवला तरी इलेक्ट्रॉनांची संख्या वाढत नाही, याचा अर्थ आता एकही अणू सुटलेला नाही. मग सुटे झालेले इलेक्ट्रॉन मोजणं म्हणजेच अणू मोजणं.

यावरून पुढचा निष्कर्ष ओघानं येतो, आणि तो अंगावर शहारा आणणारा आहे. वायूतल्या एकट्या इलेक्ट्रॉनची चाहूल लागणारे काउंटर हर्स्ट तरुणपणापासून हाताळत आले होते. तारेजवळच्या तीव्र क्षेत्रात एक इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतो, ते आणखी, आणि एकाचे हजारो होऊन तारेवर मोजता येण्याजोगा स्पंद उमटतो. लेसर प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन देणार आणि काउंटरला एक इलेक्ट्रॉनही कळणार. मग एक अणूसुद्धा कळलाच पाहिजे!

1977 मध्ये हर्स्ट, मुनीर नायफेह आणि जॅक यंग यांनी ते सिद्ध केलं. काउंटरमध्ये आर्गॉन आणि मिथेन भरलेला, त्यात सीझियमचा लवलेश. लेसरचा रंग सीझियमचा निळा. या निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा 2.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सीझियमचा इलेक्ट्रॉन सोडवायला 3.9 लागतात, म्हणजे दोन कण मिळून काम पुरं होतं. आर्गॉनची पहिली उत्तेजित पातळीच 11 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर, त्यामुळे तो ढिम्म राहतो. अशा एकावर एकोणीस शून्यं इतक्या कणांच्या गर्दीतून सीझियमच्या एका अणूचा स्पंद वेगळा उमटला. ही संख्या किती मोठी? विश्वाच्या जन्मापासून दर सेकंदाला एक कण मोजत बसलो असतो, तरी आजवर त्या गर्दीचा विसावा भागही मोजून झाला नसता.

हजारो लिटर पाणी आटवून चिमूटभर क्षार मिळवण्यापासून एका अणूपर्यंत यायला वर्णपटशास्त्राला 117 वर्षं लागली. या पद्धतीला रेझोनन्स आयोनायझेशन स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात, अनुस्पंदनातून अणूचा आयन करून त्याला ओळखणारं वर्णपटशास्त्र. सोव्हिएत संघात व्लादिलेन लेतोखोव यांचा गटही स्वतंत्रपणे, प्रकाशाच्या टप्प्याटप्प्यांनी अणूंचे आयन करण्याच्या वाटेवर होता. दोन्हीकडचं काम मिळून हे शास्त्र उभं राहिलं.

हजार अणूंचं घड्याळ

एकेक अणू मोजता येऊन काय साधतं, याचं सर्वांत सुंदर उत्तर क्रिप्टॉन-81 देतो. वैश्विक किरणांमुळे वातावरणात हा किरणोत्सारी वायू अत्यल्प प्रमाणात तयार होतो आणि पावसाच्या पाण्यात विरघळतो, बर्फात अडकतो. तो निम्मा व्हायला सुमारे 2 लाख 29 हजार वर्षं लागतात. म्हणजे जिथं कार्बन-14 चं घड्याळ पन्नासेक हजार वर्षांवर थांबतं, तिथून पुढं दहा लाख वर्षांपर्यंतच्या भूजलाचं आणि बर्फाचं वय सांगू शकेल असं हे घड्याळ आहे.

अडचण एकच. आजच्या एक लिटर पाण्यात क्रिप्टॉन-81 चे अणू असतात सुमारे हजार. जुन्या पद्धतीनं मोजायचं तर अणू फुटण्याची वाट बघावी लागते, आणि हजार अणूंपैकी एक फुटायला सरासरी तीनशेहून अधिक वर्षं जातील. फुटण्याची वाट न पाहता हजर असलेले अणूच मोजले, तर प्रश्न मिटतो. हर्स्ट यांच्या गटानं 1980 च्या दशकात लेसर आणि वस्तुमान-वर्णपटमापक यांची जोड देऊन क्रिप्टॉनचे अणू असेच मोजून दाखवले. आज हे काम अणूंना लेसरच्या सापळ्यात पकडून आणखी सफाईनं होतं, पण अणू हजर असतानाच तो मोजायचा हा विचार तोच आहे. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो ब्रोमीनवर आदळून जे मूठभर क्रिप्टॉन अणू तयार करतील, ते मोजून न्यूट्रिनोंचा हिशेब लावण्याचा प्रस्तावही हर्स्ट यांनी न्यूट्रिनो-संशोधक रेमंड डेव्हिस यांच्यासह मांडला होता. तो प्रयोग उभा राहिला नाही, पण एकेका अणूवर सूर्याच्या गाभ्याचा हिशेब मांडता येईल, हा विश्वास या तंत्रानं दिला होता.

आज जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, आयसोल्ड केंद्रावर, हव्या त्या मूलद्रव्याचेच आयन वेगळे काढायला याच तत्त्वावरचे लेसर वापरतात. 2013 मध्ये तिथं अ‍ॅस्टेटिनचं आयनीभवन-विभव, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, पहिल्यांदा मोजलं गेलं. नैसर्गिक मूलद्रव्यांत पृथ्वीवर जे सर्वांत दुर्मीळ गणलं जातं, ते हे अ‍ॅस्टेटिन. 2016 मध्ये जर्मनीच्या डार्मश्टाट इथं नोबेलियमचा, 102 व्या मूलद्रव्याचा, वर्णपट मिळवला तोही अशाच दोन पायऱ्यांच्या आयनीभवनानं. तिथं तपासायला सेकंदाला मोजकेच अणू मिळत होते आणि मिनिटाभरात त्यांतले निम्मे नष्ट होत होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या पातळ्या याच पद्धतीनं अभ्यासल्या आहेत.

एकच सवय

दोन्ही शोध आता शेजारी ठेवून पाहा. पृष्ठभागावर विजेचा एकसारखा चढ तयार करून ठेवला, की बोट टेकताच आपली जागा व्होल्टमध्ये सांगतं. प्रकाशाचा नेमका रंग भरपूर ओतला, की अणू आपल्या असण्याची खूण म्हणून एक इलेक्ट्रॉन देतो. दोन्हीकडे परिश्रम आधी केलेले आहेत, मोजणीच्या क्षणी फक्त एक वाचन घ्यायचं. आणि दोन्ही साधनं जन्मली ती दुसऱ्याच कामासाठी, एक आलेख वाचण्यासाठी आणि दुसरं हेलियमचा हिशेब लावण्यासाठी. जग बदलायला निघालेल्या माणसाचे हे शोध नव्हेत. आपल्या पुढ्यातलं मोजमाप नीट व्हावं म्हणून झटणाऱ्या माणसाचे आहेत, आणि म्हणूनच ते इतके दूर पोचले.

हर्स्ट 2010 च्या जुलैमध्ये गेले. तोवर बोटानं चालणारे पडदे जगभर खिशाखिशात पोचले होते आणि एकेका अणूचं शास्त्र जगभरच्या प्रयोगशाळांत रुजलं होतं.

आपल्याकडे विज्ञान शाखेतला प्रत्येक विद्यार्थी वाचनं घेतो, तक्ते भरतो, आलेख काढतो. त्यातला एखादा या कामाला कंटाळून वाचन घेणारं साधनच बनवायला बसला, तर शिक्षकांनी त्याला प्रयोगवही पुरी करायला पिटाळू नये. त्याला बाकावर जागा द्यावी, थोडा वेळ द्यावा आणि त्या साधनाचे गुणही द्यावेत.